हातोडेवाला देव आणि माझा अभिप्राय

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद आजच लावतोय. उद्यापर्यंत धीर टिकणार नाही.

बर्फाळ उत्तरेकडच्या हातोडेवाल्या देवाची इंग्रजी चित्रपुस्तकं मुलांच्या कपाटात ठेवावीत का, असं चिटणीस गणपतरावांनी मला विचारलं होतं. मी संस्कृतचा मास्तर. न वाचताच लिहून दिलं, ‘हिंसक व असभ्य. काढून टाकावीत.’

आज सकाळी गणपतराव कपाट रिकामं करू लागले, तर आमची नववीतली वसुधा आडवी आली. मी तिला एक पान उघडून दाखवलं. देव मद्याचा पेला रिचवतो, राक्षसाची टिंगल करतो आणि मग त्याचं डोकं फोडतो.

“मारायचं तर मारावं, वर थट्टा कशाला?” मी म्हणालो.

“बाबा, नवरात्रात तुम्ही रोज पाठ म्हणता ना? त्यात देवी रेड्याला काय सांगते? मूर्खा, मी मध पितेय तोवर गर्जून घे! मग त्याच्या मानेवर पाय देते. तिला तर तुम्ही नैवेद्य दाखवता!”

वीस वर्षं पाठ मी म्हणतोय; अर्थाकडे लक्ष मात्र तिचं होतं.

मोडनिंबचे गणपतराव खूश. “गुरुजी, पोरगी लई बरुबर बोलतीया की! आता देवीची पोथी बी काढू का कपाटातनं?”

अभिप्राय मी स्वतःच्या हातानं खोडला. पोटच्या पोराकडून हरण्याची इच्छा धरावी, असं मला संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा सांगत. मुलीकडून हरल्यावर छाती इतकी फुगते, हे मात्र ते बोलले नव्हते. तुमच्यापैकी कोण कोण असं हरलंय?