उघडला ना, ताई?

आमच्या काल्हेरच्या गोदामात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा तो माणूस हेल्मेट कधी काढत नसे आणि खुर्चीवर बसत नसे. हेडऑफिसचे कॉम्प्युटर डोमेनवर, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यात; आमचे साध्या वर्कग्रुपमध्ये, सुटे सुटे. त्यामुळे तिकडचं शेअर्ड फोल्डर इकडे उघडायचं नाही. मग तो तिकडच्या सर्व्हरवर स्वतःच्याच नावाचं खातं काढायचा, त्याला फुल कंट्रोल, म्हणजे सगळं बघायची-बदलायची मुभा, द्यायचा आणि तेच नाव, तोच पासवर्ड आम्हा सगळ्यांना सांगायचा. पासवर्ड म्हणजे त्याचं गाव, दिघाशी. "उघडला ना, ताई? मंग झाला!" म्हणत उभ्यानेच चहा प्यायचा.

मागच्या महिन्यात मी मानकोलीला दुसऱ्या कंपनीत लागले. पहिल्याच दिवशी शेअर्ड फोल्डर उघडायला गेले, तर सर्व्हरने नाव आणि पासवर्ड विचारला. मला अजून कुणी काही दिलं नव्हतं. बोटांनी सवयीने जुनंच टाइप केलं.

फोल्डर उघडलं! मालकांचे करार, त्यांच्या बायकोचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, माझ्या मुलाखतीवरचे शेरे, सगळं समोर. वर डिलीट करायचीही मुभा. म्हणजे इथलं कामही त्याचंच!

बाहेर जाऊन त्याला फोन लावला. "अहो, मी मानकोलीच्या कंपनीत आहे. तुमच्या नावाने इथलं सगळं उघडतंय!"

"पयल्या फटक्यात उघडला ना, ताई?" तो खुशीत म्हणाला. "मंग झाला!"