वळणावरच्या झिनाबाई

झिनाबाई कधीही समोरून वस्तू घेत नसत. त्या सिंकपाशी उभ्या असल्या आणि मी मागून करंज्यांची बशी घेऊन गेले, की त्या वळायच्या नाहीत. उजवा हात मागे लांब करायच्या, पंजा उघडा, अंगठा खाली, आणि बशी हातात पडायची वाट बघायच्या. पहिल्यांदा मला तो उद्धटपणा वाटला. पुण्याची असल्यामुळे उद्धटपणा मला लगेच ओळखू येतो. पण तो उद्धटपणा नव्हता. तरुणपणी ही बाई सोव्हिएत संघाकडून रिले पळत असे, आणि शरीर एकदा जे शिकलं ते म्हातारपणीही विसरायला तयार नव्हतं.

आम्ही इंग्लंडात मेडनहेडला राहायला आलो तेव्हा वायटूकेचं, म्हणजे सन दोन हजार उजाडताच संगणक बंद पडण्याचं, संकट टळलं होतं, पण त्यासाठी बोलावलेली आमच्यासारखी माणसं टळली नव्हती. मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. शेजारच्या घरात ऑल्गा नावाची रशियन मुलगी आणि तिचा इंग्रज नवरा राहत. नातवंडं सांभाळायला म्हणून ऑल्गाने आपल्या आईला, म्हणजे झिनाबाईंना, रशियातून आणवलं होतं. आमच्याकडच्या आज्याही अशाच आयात होतात, फक्त त्या येताना मेतकूट आणतात. झिनाबाईंनी स्टॉपवॉच आणलं होतं.

त्यांचं इंग्रजी तुटक होतं, त्यामुळे त्या बोलल्या की निकाल लावल्यासारखं वाटे. आमच्या मुलांच्या शाळेत स्पोर्ट्स डे झाला. सगळ्या मुलांना एकसारखी स्टिकर्स मिळाली. झिनाबाई उठून बाईंकडे गेल्या. "कोण हरलं?"

बाई गोड हसून म्हणाल्या, "कोणीच नाही. आमच्याकडे सगळेच विनर्स."

"मग ती मुलगी रडते कशाला?"

ती मुलगी माझीच होती, इरा. तिला ठाऊक होतं की आपण शेवटून पहिल्या आलो आहोत. स्टिकरने ती फसली नव्हती. झिनाबाईंनी तिला खांद्याला धरून सांगितलं, "तू हरलीस. छान हरलीस. उद्या गुडघा वर उचल." इराचं रडणं थांबलं. घरी येऊन म्हणाली, "आई, ती आजी खरा बोलतो."

त्या दिवसापासून आम्ही मराठी मंडळींनी त्यांची झिनाबाई करून टाकली.

त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक वेळा कांदा चिरताना. रशियातल्या वोरोनेझ गावी शाळेत असताना त्यांना एका प्रशिक्षकाने हेरलं, ते मैदानावर नव्हे. पावाच्या रांगेत ही मुलगी नेहमी पहिली कशी असते, याचं त्याला नवल वाटलं. "ज्या देशात रांगा फार, तिथे धावपटू तयार होतात," त्या म्हणत. सोव्हिएत संघात पैसे घेऊन खेळणं निषिद्ध होतं, म्हणून त्यांची नेमणूक ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर म्हणून झाली. "फार वर्षं मी फिटर होते. उत्कृष्ट कामगार म्हणून सन्मानही झाला. कारखाना एकदाच बघितला. तोही बाहेरून. बसमधून."

शंभर मीटरला एकटीने पळताना त्या नेहमी चौथ्या यायच्या. पहिल्या तिघींना पदकं मिळत, चौथीला रिले. त्यातही त्यांचा टप्पा तिसरा, म्हणजे वळणावरचा. सुरुवात करणाऱ्या मुलीचा फोटो निघतो, शेवटी छाती पुढे काढणाऱ्या मुलीचा तर निघतोच. "वळणावरच्या बाईचा फोटो कधी बघितलास? नाही ना? तीच मी." तक्रारीचा सूर अजिबात नसे. दोन पदकं मात्र होती. ऑल्गाच्या नवऱ्याने ती फ्रेम करून टॉयलेटमध्ये लावली होती. इंग्रज माणूस अभिमानाच्या वस्तू टॉयलेटमध्ये लावतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि एक शर्यत होती, जिच्याबद्दल त्या कांदा न चिरता बोलल्या. पश्चिम युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी. आदल्या दिवशी संघाबरोबर आलेला पक्षाचा अधिकारी चॉकलेटचा डबा घेऊन खोलीवर आला. "चॉकलेट दिसलं की समजायचं, काहीतरी काढून घेणार." त्याने शेवटच्या टप्प्याची मुलगी काढून घेतली. जिच्या हातात बॅटन द्यायचा सराव झिनाबाईंनी वर्षानुवर्षं केला होता, तिच्या जागी तामारा नावाची मुलगी आली. तामारा एका सेनापतीची भाची होती. पळायची बरी, पण दोघींचा एकत्र सराव शून्य. दुसऱ्या दिवशी वळण संपलं, बॅटन दोघींच्या हातांमधून निसटलं आणि सोव्हिएत संघ बाद झाला. मायदेशी सभा भरली. सेनापतीच्या भाचीची चूक असणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य असल्यामुळे चूक झिनाबाईंची ठरली. "बॅटन माझ्या अहंकारामुळे पडलं, असं मी उभं राहून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. पदकाला पडल्या नव्हत्या एवढ्या."

त्यानंतर त्या शाळेत पीटी शिकवायला लागल्या. गंमत म्हणजे तामारालाही पुन्हा कधी पळवलं नाही. ती त्याच गावात बस डेपोत नोकरीला लागली. इतकी वर्षं दोघी एकमेकींना पाहून रस्ता ओलांडत. "भाचीबाई" एवढाच झिनाबाई तिचा उल्लेख करत.

आता आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. आमचं मंडळ लंडनमधल्या पिनरच्या मराठी मंडळातून फुटून निघालं होतं. मतभेद तात्त्विक होते: भोंडल्याच्या खिरापतीला बटाटेवडा चालतो की नाही. आम्ही वडेवाले. आमचे अध्यक्ष डॉक्टर पटवर्धन, हॉस्पिटलातून निवृत्त झालेले, आणि पहिल्या सभेत 'तात्पुरते' म्हणून खुर्चीवर बसल्यापासून तिथेच असलेले. त्या उन्हाळ्यात दोन्ही मंडळांचा समेट म्हणून क्रीडामेळावा ठरला. समेटासाठी शर्यत घ्यायची कल्पना डॉक्टरांचीच. लिंबू-चमच्याचं रिस्क असेसमेंट होऊन लिंबू धोकादायक ठरलं. रस्सीखेचीतला रस्सा इन्शुरन्समध्ये बसेना. उरली बायकांची रिले.

मी झिनाबाईंना म्हटलं, "आम्हाला शिकवाल का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला पळता येतं?"

"ट्रेन पकडण्यापुरतं."

"मग तू तिसरी."

पहिली डॉक्टर शीतल, दुसरी आमच्या ऑफिसातली मेघा, तिसरी मी, चौथी प्राची. प्राची शाळेत खरोखर पळायची आणि आम्हा सगळ्यांना तिचा थोडा राग येईल इतकी बारीक होती. सरावाला बॅटन नव्हतं म्हणून मी लाटणं नेलं. झिनाबाईंनी ते हातात तोललं आणि मान डोलावली. पार्कात कुत्री फिरवणारे इंग्रज लोक, लाटणं घेऊन एकमेकींच्या मागे धावणाऱ्या भारतीय बायकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते.

"पळणं सोपं आहे," झिनाबाई सांगत. "देणं कठीण. पुढची मागे बघत नाही. तिला डोळे नाहीत. तुझा आवाज हेच तिचे डोळे. हात मागे कधी टाकायचा, ते तू ओरडून सांगायचं." रशियात त्या 'हॉप' ओरडत. आम्ही म्हटलं, आमच्याकडे 'घे' चालेल. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. "घे. घे. चांगला शब्द. लहान. इंग्रजांना हे सांगायला अख्खं वाक्य लागेल."

मेळाव्याच्या दिवशी डॉक्टर पटवर्धन हातात मिठाईचा बॉक्स घेऊन आमच्याकडे आले. मला तिथेच शंका यायला हवी होती. "अगं, छोटासा चेंज. मेयर येणार आहेत बक्षीस द्यायला. शेवटच्या टप्प्यात आमच्या सौ. असाव्यात असं कमिटीचं मत पडलं. सीनियर मेंबर आहेत. प्राची काय, पुढच्या वर्षीही पळेल."

"कमिटीची मीटिंग कधी झाली?" प्राचीने विचारलं.

"आत्ता गाडीत."

मी हे झिनाबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वाटलं, आता मेयरसमोर रशियन क्रांती होणार. त्या तरातरा चालत सुमनताई पटवर्धनांकडे गेल्या. मी दुभाषी म्हणून मागे. सुमनताई नव्याकोऱ्या स्पोर्ट्स शूजवर पंजाबी ड्रेस घालून झाडाखाली अशा बसल्या होत्या, जशी माणसं दंतवैद्याकडे बसतात.

"तुम्हाला पळायचं आहे?" झिनाबाईंनी विचारलं.

सुमनताईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, की हा प्रश्न खरंच आपल्याला आहे का. "मला कुठे कोणी विचारलंय हो?" त्या मला म्हणाल्या. "ह्यांनी परस्पर नाव दिलं. या मुली मला मनातून काय म्हणत असतील! आणि पडलं हातातून, तर माझ्याच नावाने बोंब."

मी भाषांतर केलं. झिनाबाई मटकन गवतावर बसल्या. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण अगदी हळू. "नाव कोणी दिलं ते सोडा. तुम्हाला पळायचं आहे?"

सुमनताईंनी विचार केला. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच केला असावा. "तशी… एकदा पळून बघायला आवडेल."

प्राचीने खांदे उडवले आणि स्वतः सुमनताईंच्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या. झिनाबाईंनी आम्हा दोघींना मैदानाच्या कडेला नेऊन लाटण्याची देवघेव पुन्हा पुन्हा करून घेतली. शर्यतीला उभं राहण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं. "ओरड. ती आवडो न आवडो. पूर्ण आवाजात ओरड."

मी ओरडले. वळण संपता संपता असा काही 'घे!' ओरडले, की पिनरच्या संघातल्या बाईनेही हात मागे टाकला. लाटणं सुमनताईंच्या पंजात बसलं आणि त्या ओढणी उडवत निघाल्या. दोन संघांत आमचा दुसरा नंबर आला. मेयरबाईंनी "ब्रिलियंट, ब्रिलियंट" म्हणत सगळ्यांना एकसारखी सर्टिफिकेटं दिली. डॉक्टरांनी पत्नीची अख्खी दौड कॅमकॉर्डरवर घेतली, लेन्सचं झाकण न काढता. सुमनताई धापा टाकत म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतर हे जन्मभर सगळ्यांना दाखवत बसले असते." आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

झिनाबाई जेवायला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"मी तामाराला कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "चॉकलेटवाल्याने तिला विचारलं नव्हतं. मीही नाही." मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "आणि मी ओरडले नाही. मी रागात होते. म्हटलं, सेनापतीची भाची आहे, तिला आपोआप कळेल. सभेत मी वाचलं की माझ्या अहंकारामुळे पडलं. सगळ्यांना वाटलं, बिचारीकडून खोटं वदवून घेतलं. आयुष्यभर लोकांनी माझी कीव केली, मादवी. मी वाचलं ते खरं होतं."

माधवीतला 'ध' त्यांना कधीच जमला नाही. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

तामाराचा फोन नंबर ऑल्गाने एका नातेवाइकाकडून मिळवला. व्हिसाचे फॉर्म भरणं हा आम्हा मराठी लोकांचा इंग्लंडातला राष्ट्रीय खेळ असल्यामुळे ते काम माझ्या नवऱ्याने, नितीनने, आनंदाने केलं. सप्टेंबरात तामारा आली. मी एखादी नाजूक, लाडावलेली बाई डोळ्यांपुढे आणली होती. आली ती बस डेपो चालवलेली, दणकट, सोन्याचा दात असलेली बाई. झिनाबाईंनी भेट माझ्या घरी ठेवली. "तुझं घर बरं. तू कोणाच्याच बाजूची नाहीस."

टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसल्या. मी साबुदाण्याची खिचडी वाढली. ऑल्गा माझ्या कानात भाषांतर करत होती. झिनाबाईंनी प्रस्तावना न करता सांगून टाकलं, "मी त्या दिवशी ओरडले नाही. मुद्दाम."

तामाराने एक घास संपवला. "स्टेडियम एवढं गर्जत होतं, की ओरडली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं."

"अर्धं स्टेडियम रिकामं होतं."

"भरलेलं होतं."

"तामारा, रिकामं होतं. पाऊस पडत होता."

"मी सांगते ना, भरलेलं होतं!" तामाराने टेबलावर मूठ आपटली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "झिना, मी म्हणते ते चालू दे."

झिनाबाईंचे डोळे भरून आले. तामाराने माझ्याकडे बशी सरकवून खुणेनेच आणखी खिचडी मागितली. ऑल्गा भाषांतर करायचं विसरली होती, पण आता मला त्याची गरज नव्हती.

त्यानंतर व्हिसा संपेपर्यंत दोघी रोज थेम्सच्या काठाने फिरायला जात आणि रोज भांडून परत येत. त्या अधिकाऱ्याच्या चॉकलेटात बदाम होते की अक्रोड, यावरच एक अख्खा आठवडा गेला. आणि तामारा परत जायच्या सुमारास झिनाबाईंनी जाहीर केलं की आपणही चाललो, कायमच्या. ऑल्गा हादरली. "तिथे आहे काय, आई? पाचवा मजला. लिफ्ट बंद."

"इथे सगळे सॉरी म्हणतात," झिनाबाई म्हणाल्या. "धक्का लागला सॉरी, दार उघडलं सॉरी, पाऊस आला तरी सॉरी. भांडत कोणीच नाही. ज्याच्याशी कोणी भांडत नाही त्याला माफ तरी कोण करणार?"

नितीनने दोघींना विमानतळावर सोडलं. मीही गेले होते. एम-फोर महामार्गावर सगळा वेळ त्या मागच्या सीटवर खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर वाद घालत होत्या. निरोप घेताना झिनाबाईंनी माझ्या गालावर जोरात थाप मारली. रशियात बहुधा तिलाच मिठी म्हणत असावेत. मग दोघी सामान ढकलत तपासणीच्या रांगेत गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आपण दोघी एकत्र आहात का?"

"नाही," तामारा म्हणाली.

"हो," झिनाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दोघींना एकदमच आत सोडलं.