मावळतीचा घास

आमच्या गावात येळवशीला एक रीत आहे, ती पंचक्रोशीत दुसरीकडे कुठं सापडणार नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळा गाव शेतात जातो, कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतो, पिकावर आंबील शिंपडतो. इथवर सगळीकडे सारखंच. पण आमच्याकडे जेवायला बसण्याआधी बाया मावळतीकडे तोंड करून पहिला घास भिरकावतात आणि वर हात जोडतात. ही रीत पांडवांच्या वनवासापासून चालत आली आहे, असं सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी पुस्तिकेत छापलंय. ते साफ खोटं आहे. मीच लिहिलंय ते, म्हणून खात्रीनं सांगतो.

रीत सुरू केली माझ्या चुलतीनं, छबूबाईनं, बहात्तरच्या दुष्काळात. काकू काटक, तोंडानं फटकळ. खडी फोडायच्या कामावर मुकादमालाही ती घाबरत नसे.

त्या वर्षी सिरसाळ्याच्या बाजारात धान्य दिसेना. सोसायटीच्या गोदामातून रेशनची मिलो मिळायची, म्हणजे ती परदेशी लाल ज्वारी. नाक मुरडत का होईना, गाव तिच्यावर जगत होता. दिवाळीच्या तोंडावर तीही बंद झाली. काकूची चार वर्षांची सगुणा हगवणीनं मलूल पडली होती. तिच्या पेजेपुरतं तरी द्या म्हणून काकू सोसायटीच्या पायरीवर पदर पसरून बसली. चेअरमन सुंदरराव तिच्यासमोर उकिडवे बसले आणि मोठ्या मायेनं बोलले.

“छबूबाई, गोदामात दाणा न्हाई. बांगलादेशाच्या लढाईत आपुन अमेरिकेचं ऐकलं न्हाई, त्याचा राग काढायलेत ते. धान्याची जहाजं अडवून धरलीत. तिकडं, समुद्रापल्याड.” आणि त्यांनी मावळतीकडे हात केला.

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आल्याची बातमी आदल्या वर्षी मीच पारावर वाचून दाखवली होती. त्यामुळे मीही मान डोलावली. चौथ्या दिवशी सगुणा गेली.

येळवस आली तेव्हा रानात पीक नव्हतंच. ढेकळांतच कोपी उभी केली. बरबड्याच्या, म्हणजे रानगवताच्या बियांच्या पिठाची आंबील होती. काकू त्याच पिठाचा उंडा, म्हणजे मूठभर उकडलेला गोळा घेऊन उठली आणि मावळतीकडे तोंड करून ओरडली, “घे मुडद्या. माजी लेक खाल्लीस, हे बी खा. तुज्या घरचा पाळणा असाच रिकामा होऊ दे.” मग एकेक बाई उठली. प्रत्येकीच्या घरात काही ना काही गेलेलं होतं. तसलं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. बायांनी पुन्हा घास फेकला, या वेळी पावसासाठी. हळूहळू शिव्या गळाल्या आणि हात जोडले जाऊ लागले. अमेरिकेला शिवी द्यायची म्हणून काढलेला घास आम्ही तिलाच दाखवलेला नैवेद्य करून टाकला, आणि कुणाला त्याची लाजही वाटली नाही.

पाच वर्षांनी सोसायटीचा माल वाहणारा नबी ड्रायव्हर वारला. चाळिसावा झाल्यावर त्याची बायको अकबरी काकूच्या दारात आली. मी तिथंच होतो. “छबूबाई, त्या दिवाळीला गोदाम भरलेलं व्हतं. सुंदररावानं आमच्या ह्यांच्या गाडीनं दोन खेपा धारूरच्या व्यापाऱ्याकडं धाडल्या. मरताना सगळं बोलले, लई रडले.”

काकूनं अकबरीला आत बसवून पाणी दिलं. मग मला म्हणाली, “म्हाळू, माजी शिवी मग कुनाला लागली रं? तिकडं एखाद्या बाईचा पाळणा रिकामा झाला असंल का?” मी हसलो. मास्तर माणूस मी, शिव्याशापांवर माझा विश्वास कुठला.

त्या येळवशीला काकूनं सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. आणि गावाच्या उगवतीला, वेशीजवळच्या गोदामाकडे तोंड करून घास फेकला. सुंदरराव तोवर साखर कारखान्यावर संचालक झाले होते. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या चिठ्ठीवर कामाला लागलेली. ते पागोटं काढून पुढं आले, मावळतीकडे घास टाकला, हात जोडले आणि म्हणाले, “रीत मोडली की पाऊस रुसतो, छबूबाई.” गावानं त्यांचं ऐकलं. पुढं कितीतरी वर्षं काकूला कुणी आपल्या कोपीत जेवायला बोलावलं नाही. ती एकटीच बांधावर उभी राहून उगवतीला घास फेकायची.

पुस्तिका निघाली तेव्हा माझा मुलगा सोसायटीत चिकटायचा होता. सुंदररावांनी सांगितलं, मी पांडवांना मावळतीला बसवलं. काकूला कुणीतरी ते वाचून दाखवलं. ती माझ्या दारात आली, आत आली नाही. “तुला तर समदं ठावं व्हतं,” एवढंच म्हणाली. त्यानंतर माझ्या घरचं पाणीही ती प्यायली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

गेल्या येळवशीला काकू ऐंशीच्या पुढं गेलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिची सून विमलबाई भली बाई. सासूला हाताला धरून कोपीपाशी आणलं, पहिला मान दिला, हातात उंडा ठेवला. काकू चाचपडत वळली आणि बरोबर उगवतीला तोंड करून उभी राहिली.

“आत्याबाई, चुकलं तुमचं. मावळत इकडं हाय,” म्हणत विमलबाईनं तिला खांद्याला धरून हळूच फिरवलं.

“मला ठावं हाय मावळत कुठं हाय ते,” काकू म्हणाली आणि पुन्हा वळली. पुस्तिकेतल्या पांडवांवर वाढलेल्या बाया हसल्या. म्हातारपण, दुसरं काय. चौघींनी मायेनं तिला धरून परत फिरवलं. काकूनं मूठ आवळून धरली, ओठ दाबून धरले. हसत हसतच त्यांनी तिची बोटं एकेक करून उघडली आणि घास मावळतीला पडला. मी दहा पावलांवर ताट घेऊन बसलो होतो. उठलो नाही.