पाळी गेलेल्या बायका

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. औषधाच्या खोक्यातलं पत्रक वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही, ही माझी खोड. त्या खोडीनेच घात केला.

नव्वद साल उलटून गेलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत मी, नवरा आणि सासूबाई. अंडाशयाला जागं करायच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या. घाम फुटायचा, नवऱ्यावर खेकसणं व्हायचं, बाकी शून्य. मग ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता इंजेक्शनं. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून रोज एक. अंडं किती वाढलं ते एक दिवसाआड सोनोग्राफीत बघू. तीन महिने करू. नाहीच झालं, तर तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे काही उरणार नाही."

खोकी घरी आणली आणि पत्रक उलगडलं. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हे औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढतात. तीनदा वाचलं. मला कसंतरीच झालं.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना तावातावाने विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या. "अहो, मेंदू अंडाशयाला हाका मारत असतो, अंडं तयार कर म्हणून. पाळी गेली की अंडाशय ओ देत नाही. मग मेंदू आणखी मोठ्याने हाका मारतो. हे हार्मोन म्हणजे त्या हाका. त्या लघवीतून वाहून जातात, कारखान्यात त्या गोळा करतात आणि शुद्ध करून तुम्हाला देतात."

मला ते पटलं. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाई सुई टोचायला आल्या की डोक्यात एकच यायचं, ही आज कोणाची? वर्गात पोरांना शिकवलेलं सगळं विज्ञान अशा वेळी कुठल्या कुठे पळायचं.

सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई. सात वर्षांत त्यांनी 'पाळी' हा शब्दसुद्धा माझ्यासमोर उच्चारला नव्हता. तिशीत वैधव्य आलं, तेव्हापासून कोणाच्या ओटीला, डोहाळजेवणाला त्या पुढे झाल्या नाहीत. झाल्या असत्या तर लोकांनी मागे सारलंच असतं, ते मी पाहिलंय.

पाचव्या इंजेक्शनच्या दिवशी त्या फ्रिज उघडून म्हणाल्या, "हे तुझं औषध देवाच्या दुधाशेजारी नको ठेवत जाऊ. कशापासून करतात कोण जाणे."

माझं डोकं फिरलं. "बायकांच्या लघवीपासून करतात," मी फाडकन बोलले. "घरात गोमूत्र चालतं ना? मग हेही चालेल."

बोलून बसले. आता या सगळी इंजेक्शनं कचऱ्यात टाकणार आणि तीनातला एक महिना पाण्यात जाणार. पण त्या तिथेच पाटावर बसल्या.

"कुठल्या बायकांच्या?"

"पाळी गेलेल्या. तुमच्या वयाच्या."

त्यांनी पदर सारखा केला. "विधवांचीसुद्धा चालते?"

"लघवीला काय कळतंय, आई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनोग्राफीला निघाले, तर त्या दारात उभ्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बरणी.

"डॉक्टरीणबाईंना दे," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "सकाळची पहिली आहे. बरणी उकळून घेतली आहे मी."

मी हादरले. एरवी फटकळ म्हणून माझं नाव. आई, असं नसतं, कारखान्यात हजारो बायकांची गोळा करतात, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाही. बरणी पिशवीत घातली, ठाण्याच्या दवाखान्यातल्या संडासात ओतली आणि विसळून घरी आणली.

"घेतली का त्यांनी?"

"घेतली," मी म्हणाले.

मग काय, सोनोग्राफीच्या प्रत्येक सकाळी बरणी तयार. नवऱ्याला मी पत्ता लागू दिला नाही. त्याने ती पिशवी एकदा उचलून माझ्या हातात दिली, तेव्हा मला धड हसताही आलं नाही.

शेवटच्या इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी पाळी आली. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"माझंच कमी पडलं गं," त्या म्हणाल्या. "शुभकार्याला माझं काही लागतच नाही. मी उगाच दिलं."

मला वाटलं होतं, मी त्यांचं मन राखतेय. आणि सासूबाई पंधरा दिवस देवापुढे बसून मनात काय काय धरून होत्या! मला माझीच लाज वाटली. मी उंबऱ्यात खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बरण्या मी ओतून दिल्या, एकही कोणाला दिली नाही. आता तोंडाला येईल ते ऐकायची तयारी ठेवून मी मान खाली घातली.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "माझी अजून वापरलीच नाही?"

"नाही, आई."

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मग पुढच्या महिन्यात नीट दे हं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि त्यांना सांग, आणखी लागली तरी मी देईन."