चार ओळींचं काम

गोंदिया सोडलं त्या सकाळी माझ्यापाशी दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत मला न समजलेली पुस्तकं. दुसरी डोक्यावर घेताना हमाल कण्हला. "काय भाऊ, लोखंड भरलं का यात?"

"लोखंड नाही, क्रांती हाय," माझ्याआधी बाबाच बोलले. "स्वेटर घरीच राह्यलं, पण क्रांती आठवणीनं घेतली आमच्या पोट्ट्यानं."

सगळे हसले. आई हसली नाही. "दुसऱ्याच्या राज्यात जाऊन राहिला," ती म्हणाली, "कोणाच्या मधात पडू नको." रायपूर म्हणजे गाडीनं काही तासांचा रस्ता, पण तिनं डोळे असे पुसले, जसं काही मी समुद्र ओलांडून चाललो होतो.

राज्य नवं होतं, राजधानी त्याहून नवी. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय थाटलं होतं. पूर्वी ज्या बाकांवर रोगी ताटकळत, तिथे आता ठेकेदार ताटकळत. चेहरे मात्र तेच, पोटात दुखत असल्यासारखे. मी कारकून म्हणून लागलो आणि गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक खोली घेतली. समोरच्या खोलीत सलीमदा राहायचा, बायको नूरी आणि दोन लहान पोरींसोबत. राजमिस्त्री, म्हणजे गवंडी. पश्चिम बंगालातल्या माल्द्याहून आलेला. राजधानी बांधायला ठेकेदारांनी जी माणसं आणली त्यांतला एक. भिंत दिसली की तो बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा. माझ्या खोलीची ओल त्यानंच घालवली. भाजी विकणाऱ्या दुलारी दीदीचा ओटा त्यानं उरलेल्या सिमेंटात बांधून दिला. पाऱ्यातली एक चूल अशी नव्हती जिला त्याचा हात लागला नव्हता.

दर रविवारी दुपारी मी शंकर नगरात सरांकडे जायचो. सर प्राध्यापक, मूळचे नागपूरचे. आमच्या पाच जणांच्या अभ्यास मंडळाचे सर्वेसर्वा. जात नको म्हणून त्यांनी दाराच्या पाटीवरून आडनाव काढून टाकलं होतं. मागची खोली भाड्यानं मागायला कोणी आलं, तर मात्र पहिला प्रश्न त्याच्या आडनावाचा असे. पण बोलायचे काय! एकेक शब्द असा की उच्चारताना जीभ मुरगळावी. मी तिथे मसुदे लिहायचो. एकाही वाक्याला पूर्णविराम मिळू नये यासाठी मी जेवढी मेहनत घेतली, तेवढी मी नोकरीतही घेतली नाही. आम्ही जे लिहिलं ते कष्टकऱ्यांसाठी होतं. एकाही कष्टकऱ्यानं ते वाचलं नाही, याचं आम्हाला दुःख नव्हतं. ते अजून तयार नाहीत, एवढंच आम्ही म्हणायचो.

मग एका शनिवारी बोअरिंगच्या हातपंपावर पत्रक चिकटलं, 'घुसपैठियों को पहचानो.' सलीमदाची बोली बंगाली, नाव सलीम. ओळखायला आणखी काय लागतं? चौकात सभा झाली. परक्यांना हाकला म्हणून जो नेता गळा काढत होता, त्याच्या नव्या बंगल्याचं प्लास्टर सलीमदानंच केलं होतं. राज्य नवं, राष्ट्र जुनं, आणि नेत्याच्या मते दोन्ही धोक्यात. टाळ्या पडल्या. पानठेल्यावर लोक त्याच गोष्टी बोलत होते आणि मी पान चघळत होतो. तोंड उघडलं असतं तर कोणी विचारलं असतं, "और भैया, आप कहाँ के हो?"

सलीमदाचा घरमालक वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. तो म्हणाला, "मोहल्ले के दस लोग लिख के दे दें कि तुमको जानते हैं, तो रहो. नहीं तो अगले सोमवार कमरा खाली करो."

त्याच रात्री सलीमदा माझ्या दारात आला. "दादा, आप पढ़े-लिखे हो. चार लाइन लिख दो. सलीम यहीं रहता है, काम करता है, चोर नहीं है."

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मी तसाच दुसऱ्या दिवशी शंकर नगरात. सर म्हणाले, "'चोर नाही' असं लिहिणं म्हणजे आरोपाची चौकटच मान्य करणं." वा! आम्ही माना डोलावल्या. मग 'शेजारी' हा शब्द भावुक ठरला. 'राहतो' हा शब्द अपुरा ठरला. आठवडाभर मसुदा लिहिला, पुढच्या रविवारी त्यावर शेवटचा हात फिरला. आठ पानं. सुरुवात, 'राष्ट्र-राज्य की वर्चस्ववादी नागरिकता-संरचना के अंतर्विरोधों के आलोक में...' वाक्य दुसऱ्या पानावर संपत होतं. लिहिताना मी किती खूष होतो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

त्याच संध्याकाळी मी सह्या घ्यायला पाऱ्यात फिरलो. एकानं पहिली ओळ वाचून कागद परत दिला. "भैया, ये नक्सली मामला तो नहीं है?" दुसऱ्यानं दारच उघडलं नाही. दुलारी दीदीनं कंदिलासारखा कागद डोळ्यांपुढे धरला आणि बोट फिरवत फिरवत सगळी पानं चाळली.

"ए मा सलीम के नाव कहाँ हे?"

मी सातवं पान काढून दाखवलं. तिथे कंसात लिहिलं होतं, 'श्रमिक स'. सरांचं म्हणणं होतं की एका व्यक्तीचं नाव घातलं तर प्रश्न लहान होतो.

दीदीनं कागदाची घडी करून माझ्या हातात ठेवली. "सलीम ला हमन जानथन भैया. फेर ए कागद ला नइ जानन." मग तिनं माझ्या सहीचं विचारलं, "अउ तुमन काबर दस्खत नइ करे हव?"

आठ पानांखाली सही होती 'अभ्यास मंडळ'. माणसाची एकही नव्हती.

"मैं सरकारी नौकर हूँ, दीदी."

"हव," ती म्हणाली. हो, एवढंच.

तिथूनच मी पुन्हा शंकर नगर गाठलं. सरांना म्हटलं, मागची खोली रिकामीच आहे, महिनाभर या चौघांना राहू द्या. सर समजुतीनं म्हणाले, "व्यक्तिगत परोपकारानं संरचना बदलत नसते." पुन्हा वा. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं एक वाक्य पूर्ण समजलं.

चार साध्या ओळी लिहायला पाच मिनिटं लागली असती. घरी परतल्यावरही वेळ होता. दहा नाही तर सहा सह्या मिळाल्या असत्या. दीदीची तर नक्कीच. मी लिहिल्या नाहीत, कारण पहिली सही मलाच करावी लागली असती.

सोमवारी सकाळी सलीमदानं रिक्षात सामान भरलं. नूरी माझ्याकडे पाहत नव्हती. सलीमदा मात्र माझीच समजूत घालत होता. "दादा, आपने बहुत मेहनत की. आठ पन्ने!" त्यानं ते कागद माझ्याकडून मागून घेतले आणि पोरींच्या जन्मदाखल्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. "आगे कोई पूछेगा, सलीम कौन है, तो दिखा दूँगा." त्यात त्याचं नाव नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. कुठल्या गावी, कोणापुढे त्यानं ती पिशवी उघडली असेल, मला ठाऊक नाही. त्याचा फोन पुढे कधी लागला नाही.

गोंदियाला आलो की तुम्ही गावची मंडळी विचारता, काहून गा, अजून परकंच वाटते का तिकडे? पहिली काही वर्षं वाटायचं. सलीमदा गेल्यापासून नाही वाटत. परक्या गावाचा माणसाला राग येतो, कंटाळा येतो. लाज आपल्याच गावाची येते. रायपूर एवढं माझं झालं आहे. आता कोणी विचारलं, कहाँ के हो, तर मी गोंदिया सांगत नाही, गुढियारी सांगतो. आणि वाट पाहतो, की समोरचा आता सलीमदाचं विचारेल.

कोणी विचारत नाही.