असेलही, नसेलही

रचना साळवेच्या समोर बसलेल्या पेशंटपेक्षा तिचाच पाय जास्त हलायचा. टेबलाखाली हलायचा म्हणून कुणाला दिसत नसे, एवढंच. मोहन्यात, कारखान्याच्या चाळीत वाढलेली ही मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाली, टेंभी नाक्याजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर क्लिनिक थाटून बसली, तरी तिची आई शालन शेजारणींना ‘आमची रचना डोक्याची डॉक्टर आहे’ एवढंच सांगायची. तिच्याकडे बहुतेक मंत्रचळाची माणसं येत. कुणी लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारं, कुणी हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेणारं.

कळव्याच्या सहदेव रिक्षावाल्याचं दुखणं वेगळं होतं. त्याला वाटायचं, आपण कुणाला तरी उडवलंय. चाक खड्ड्यात आदळलं की संपलं. मग रिक्षा वळवून मागे जायचं, रस्ता बघायचा, गटारात वाकून बघायचं. पॅसेंजर शिव्या घालत उतरून जायचे. घरी बायकोला, शकूला, विचारायचा, “मी कुणाला उडवलं नाही ना गं?” ती “नाही हो” म्हणाली की घटकाभर बरं वाटायचं. पुन्हा तेच.

रचनानं दोघांना समोर बसवलं. “हे ‘नाही हो’ बंद. त्याच्यावरच हा आजार पोसला जातो. सहदेव, मागे वळायचं नाही. मन विचारायला लागलं की म्हणायचं, उडवलं असेलही, नसेलही, मला माहीत नाही. आणि रिक्षा पुढे न्यायची.”

शकू उसळली. “पण मला माहितीये ना, त्यांनी नाही उडवलं! मग मी काय दगडासारखी बसू?”

“थोडे दिवस बसा,” रचना म्हणाली.

ती स्वतः त्याच्या रिक्षात मागे बसून खारेगावपर्यंत जायची. खड्डा आला की सहदेवची मान ताठ व्हायची, शर्ट पाठीला चिकटायचा. पण हँडल वळायचं नाही. दिवाळीपर्यंत तो पूर्वीसारखी भाडी मारायला लागला. रचनाला वाटलं, सुटला बिचारा.

आणि एका दुपारी शकूचा फोन आला. “मॅडम, यांना पोलिसांनी बसवून ठेवलंय. रस्त्यात एक म्हातारा पडलेला, त्याला हे हॉस्पिटलात घेऊन गेले. आता विचारलं तर भलतंच बोलतायत. तुम्ही शिकवलेलं बोलतायत!”

बाहेर थांबलेल्या पेशंटची माफी मागून रचना निघाली. खाडीचा पूल ओलांडेपर्यंत तिनं रिक्षावाल्याला तीनदा तरी ‘जरा लवकर’ म्हटलं असेल. आपलंच वाक्य डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं.

चौकीतले साहेब वैतागलेले होते. “विचारलं, तू ठोकलंस का? तर म्हणतो, असेलही, नसेलही. ज्यानं काही केलं नाही तो असं बोलतो का, मॅडम?”

बाकड्यावर बसलेला सहदेव पांढराफटक पडला होता. शर्टाच्या बाहीवर म्हाताऱ्याचं रक्त वाळलं होतं. “मॅडम, तुम्ही सांगितलेलं तसंच बोललो मी. चुकलं का?”

रचना त्याच्याशेजारी बाकड्यावर बसली. “तुमच्या आजाराबद्दल साहेबांना सांगू?” तिनं विचारलं. त्यानं मान डोलावल्यावर तिनं सगळं सांगितलं.

“म्हणजे आजारी माणूस गाडी ठोकत नाही का?” साहेब म्हणाले.

“ठोकू शकतो. म्हणून तर त्यांना काय वाटतं ते विचारू नका. डोळ्यांनी काय बघितलं ते विचारा.” मग ती सहदेवकडे वळली. “म्हातारा तुम्हाला पहिल्यांदा कसा दिसला?”

“आडवा पडलेला,” सहदेव म्हणाला. “लांबूनच दिसला, म्हणून ब्रेक मारला. उतरून जवळ गेलेलो. पण मॅडम, त्याच्याही आधी जर मी...”

“तेवढंच, साहेब. पुढचं ‘पण’ आजाराचं आहे.”

साहेबांनी लगेच विश्वास ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. म्हातारा, गोपीनाथ पाटील, शुद्धीवर आला आणि म्हणाला की बाइकवाल्यानं धक्का दिला, या रिक्षावाल्यानं उचललं. अपघाताच्या जागेसमोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यातही तेच निघालं.

बाहेर आल्यावर सहदेव म्हणाला, “मॅडम, एकदाच सांगा. मी नाही ना उडवलं?”

चौकीबाहेर थांबलेली शकू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. काय उत्तर द्यायचं नाही, हे रचनाला पाठ होतं.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही नाही उडवलं.”

त्या ‘नाही’ची किंमत पुढचे दोन महिने चुकती झाली. सहदेव सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, पुन्हा रिक्षा वळवायचा. कॅमेऱ्यात दिसलं म्हणून सुटलो, जिथं कॅमेरा नाही तिथलं काय, हा नवा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. रचनानं पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा मागच्या सीटवर बसायला लागली. गोपीनाथ बरे होऊन स्टँडवर येऊन त्याला भेटून गेले, त्याचाही त्याला चार दिवसच आधार पुरला. पण होळीच्या सुमारास फोन कमी झाले, आणि मग एका आठवड्यात एकही आला नाही.

तो आठवडा रचनाला सुखाचा जायला हवा होता. पेशंटच्या मधल्या वेळात ती मोबाइल उचलायची, बघायची, खाली ठेवायची. शकूला फोन करून विचारावं असं तिला फार वाटलं. तिनं केला नाही. पाय मात्र टेबलाखाली हलतच राहिला.