आकारामच्या डाव्या हातावरचा मासा

आकाराम गेल्याचं त्याच्या सुनेनं फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "बापूतात्या, लवकर या. लोकं हात बघाय जमल्यात." पोचलो तर खरंच तसं. हयातीत ज्याच्या दारात कुणी चहाला टेकलं नाही, त्याच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात परमुलखात भरपूर कमावून आलेले आमच्या गावचे एक देणगीदार सगळ्यांत पुढं. त्यांनी स्वतः मयताची डावी बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि मंदिरात बोलावं तशा आवाजात सांगू लागले, "बघा, मकरध्वज हाय. मारुतीरायाचा लेक. जपान्याच्या कैदेत ऱ्हाऊन देव गोंदून घेतला ह्या माणसानं." बायकांनी हात जोडले. मी उशाशी उभा होतो. ती बाही खाली ओढायला हात पुढं करायचा होता, तेवढाही केला नाही.

पुढं शोकसभेत तेच भाषण लाऊडस्पीकरवर झालं. तालमीत आकारामचं उघड्या अंगाचं, हातावर मकरध्वज असलेलं तैलचित्र लावायचं ठरलं. ज्या तालमीनं त्याला हाकललं, त्याच तालमीत. व्यासपीठावर शाल पांघरून मीही बसलो होतो, कारण त्या काळातला मीच एक उरलोय. म्हणून हे लिहितो. आकारामच्या हातावर मकरध्वज नव्हता. मासा होता. मकरध्वज मी तयार केला.

आम्ही दोघे विट्याच्या अलीकडच्या एका कोरड्या गावचे. दिवाळीनंतर ओढ्यात पाणी दिसलं तर माणसं बघायला जातात, असं गाव. एकाच तालमीत कुस्ती घुमलो, एकाच दिवशी पलटणीत भरती झालो आणि सिंगापूर पडल्यावर एकाच कुंपणात कैदी म्हणून पडलो. तिथं पहाऱ्यावर किमुरा नावाचा जपानी शिपाई होता. एकदा विहिरीवर त्यानं सदरा काढला, तर खांद्यापासून खाली सगळा हात चित्रानं भरलेला. कोसळणारं पाणी, लाटा, त्यांतून वर चढणारा मोठा मासा. त्याच्याच साहेबानं त्यावरून त्याच्या मुस्काटात मारलेली आम्ही पाहिली. त्यांच्यातही असं अंग गोंदवणारा म्हणजे उनाड, गुंड, चार भल्या माणसांत न बसवण्याचा. माणसाला तुच्छ लेखायला निमित्त लागतं, ते सगळ्या मुलखांत सापडतं.

आकाराम मात्र पैलवानाच्या नजरेनं त्या हाताकडं बघत राहिला. "बापू, ह्येनं दंडाची घडण बघून चित्तर काढलंय रं. दंड आवळला की मासा वर चढतोय, बघ." किमुरा लढाईआधी चोरून हेच काम करायचा. त्यांच्या सरकारनं ते बंद केलं होतं. आकारामनं त्याच्यापुढं आपला डावा हात धरला. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी औषध दिलं नाही, की जास्तीचा भात दिला नाही. आकारामला ते आवडलं. एवढंच. आमच्या गावाला जी गोष्ट आजवर पचली नाही ती एवढीच आहे.

बांबूच्या काडीला सुया बांधलेल्या, दिव्याच्या काजळीची शाई. आपल्याकडची गोंदणारीण ठिपके देऊन सुपातले दाणे घेऊन जाते, तसलं हे काम नव्हतं. सवड मिळेल तशी महिनोन्‌महिने एकेक लाट चालायची. मी शेजारी बसून हसायचो. "लेका, गावात बायका तुला वटी भरायला बोलावतील." तो दात आवळून म्हणायचा, "बोलावू देत की. खोबरं तरी मिळंल." किमुरा मोडक्यातोडक्या मलाय भाषेत अर्थ सांगायचा. पाणी कायम वरून खाली येतं, मासा खालून वर जातो. पाण्यावर पानं तरंगतात ती पानगळीतली, म्हणजे बरे दिवस सरलेत तरी चढायचं. टोकाला पोचला तर त्या माशाचा ड्रॅगन होतो, ढगात राहणारा. तो ड्रॅगन खांद्यावर यायचा होता. पण लढाई संपली, किमुराच कुंपणाच्या आत गेला आणि आकारामचा खांदा कोराच राहिला.

सेहेचाळीस साली परत आलो. कैदेत आकाराम अन्नापेक्षा जास्त तालमीच्या मातीबद्दल बोलायचा... ताक, तेल, हळद घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीच्या वासाबद्दल. पहिल्याच सकाळी लंगोट घेऊन गेला. मीही बरोबर होतो. त्यानं सदरा काढला आणि घुमणारी माणसं थांबली.

वस्ताद म्हणाले, "ह्ये काय रं?"

"मासा हाय, वस्ताद."

"आन् ही फुलं?"

"पानं हायती."

कुणीतरी मागून म्हणालं, "बेंदराचा बैल रंगवावा तसा रंगलाय."

वस्तादांनी हसू दाबलं. "कुणी काढलं?"

"पहाऱ्यावरच्या जपान्यानं."

वस्तादांना आकाराम हवा होता, असा गडी तालमीत दुसरा नव्हता. "जुलमानं काढलं आसंल," ते म्हणाले. उत्तर त्यांनी ताटात वाढून दिलं होतं.

"न्हाई. मीच म्हनलो, काढ."

इथं मी तोंड घातलं. "आवं वस्ताद, त्येला बोलाय येत न्हाई. त्यो मकरध्वज हाय. मारुतीचा घाम मासोळीनं गिळला, तिच्या पोटचा." वस्तादांचा चेहरा खुलला. त्यांनी देवळीतल्या मारुतीकडं बघितलं, मूठभर माती उचलली आणि आकारामच्या खांद्याला लावायला हात पुढं केला. ती लागली की तो तालमीत आत.

"वस्ताद, बापू खोटं बोलतोय," आकाराम म्हणाला. "मासाच हाय त्यो."

मूठ उघडली, माती खाली पडली. "मंग बाहीर हो," वस्ताद म्हणाले. आकारामनं सदरा घातला, मनगटाचं बटण लावलं आणि गेला. माझी वाट बघत तो दाराशी क्षणभर थांबला होता. मी त्या दिवशी दोन कुस्त्या केल्या.

त्या दिवसापासून गाव त्याला जपान्या म्हणू लागलं. त्याच्या लग्नाच्या बोलणीला पाहुणे आले की पारावरची माणसं आधी हाताची गोष्ट सांगायची. शेवटी लांबची बायको करावी लागली. मैदानात तो पुन्हा उतरला नाही. त्याला हिणवणारी माणसं सरत गेली, तशी तालमीत ऐकलेली माझी थाप तेवढी गावात उरली. मी मात्र नाव कमावलं, फेटे घेतले, आणि कुणी हाताबद्दल विचारलं की "आपल्याला काय ठावं" म्हणून मोकळा होत गेलो. त्याला भेटायचो ते रानात, विहिरीवर, जिथं कुणी बघणार नाही. असल्या माणसाला आता शाल देतात आणि मैत्रीवर बोलायला सांगतात.

भर उन्हात रान नांगरतानाही तो डावी बाही दुमडायचा नाही. ती लाज मी त्याला दिली, असं मी जन्मभर धरून चाललो. शेवटच्या भेटीत ते बोललोही. तो खाटेवर हसायला लागला. "शरम कसली आलीया? झाकायचंच आसतंय त्ये. मनगटाच्या चार बोटं अलीकडं किमुरा का थांबला? अंगात कापड घातलं की कुनाला दिसू ने म्हनून. आपल्यापुरतं आसतंय. सांगत हुता की त्यो, तू जांभया देत बसलावतास." मग म्हणाला, "पर देव म्हनालास त्ये वंगाळ केलंस, बापू. माशाला चढाय लागतंय. देवाला काय... बसल्या जागी हाय."

मागच्या आठवड्यात तैलचित्रवाला पेंटर माझ्याकडं आला. मकरध्वजाचं तोंड वानराचं आणि खाली शेपटी माशाची, असंच होतं ना, एवढं त्याला विचारायचं होतं. मी त्याला आकारामच्या घरी नेलं. खोलीत खुंटीवर सदरा अजून तसाच आहे. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, डावी सरळ, मनगटाशी बटण लावलेलं. लावून लावून काजाचे धागे सुटलेत.

"चित्रात हे काढ," मी म्हटलं. "हात आत आहे असं समज."

"आन् देणगीदारास्नी काय सांगू, तात्या?"

"सांग, बाहीच्या आत काय आहे ते बघायची त्यांची लायकी नाही. आणि कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घे. बापूचीही नव्हती म्हणावं."

पेंटर जरा घुटमळला. मग सुनेनं दिलेल्या पाटावर बसला, कागद मांडीवर घेतला आणि त्यावर आधी ते बटणच रेखाटलं.